इर्याच्या नावाचा नमुना

सॉनातल्या वरच्या फळीवरून इर्या उठली, आणि ती बसली होती त्या पांढऱ्या फडक्यावर नाण्याएवढा लाल डाग वुओक्कोला दिसला. डाग ताजा होता. इर्याने मागे न बघता फडकं उचललं, डाग आत जाईल अशा बेताने दुमडलं आणि "जरा तळ्यात डुबकी मारून येते" म्हणत ती दाराबाहेर गेली. त्या दुमडण्यात सराव होता. तो पाहून एवढ्या वाफेतही वुओक्कोच्या अंगावर काटा आला.

खालच्या फळीवर आउनेआजी बसली होती. नव्वदीला टेकलेली, हाडांचा नुसता सापळा, पण नजर घारीची. तिनेही पाहिलं होतं. तिने पळीभर पाणी तापलेल्या दगडांवर फेकलं, मोठा फस्स आवाज झाला, आणि तो विरेपर्यंत दोघी गप्प राहिल्या. विरल्यावरही गप्पच राहिल्या.

कुर्किलाम्पी गावच्या सामाईक वाफघरात, म्हणजे सॉनात, दिसलेलं सॉनातच राहतं. शनिवारी आधी बायका दोघी-तिघी करून बसतात, मग पुरुष, आणि उघड्या अंगावर काय दिसायचं राहतं? नवऱ्याने मारल्याचे वळ दिसतात, कुणाला सांगण्याआधी पोट दिसतं, ऑपरेशनच्या खुणा दिसतात. पण दाराबाहेर पाऊल पडलं की कुणी काही पाहिलेलं नसतं. हा रिवाज फार चांगला, असं गावात सगळे म्हणतात. तो कुणाच्या फायद्याचा, याचा हिशेब मात्र कुणी मांडलेला नाही.

इर्या आणि वुओक्को एकाच वर्षी जन्मलेल्या, शाळेत एकाच बाकावर बसलेल्या. यंदा दोघींनी साठी गाठली. इर्याची पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती. त्या रक्ताला तिथे काही काम नव्हतं.

एरवी वुओक्को तशीच ओल्या अंगाने तळ्याकाठी धावली असती आणि इर्याला दंडाला धरून विचारलं असतं. शाळा बंद पडेपर्यंत ती शाळेची स्वयंपाकीण होती. गावभरच्या पोरांना दटावून जेवायला घातलेली बाई, तोंडाची फटकळ. गावात गाडी चालवणाऱ्या बायका दोनच, त्यामुळे अर्ध्या गावाचं टपाल, औषधं आणि किराणा तिच्याच हातून जायचा, आणि वुओक्कोकडे दिलेलं काम झालंच असं लोक धरून चालायचे. पण त्या शनिवारी ती फळीला चिकटून बसली. कारण जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती अशी एक गोष्ट तिला माहीत होती. इर्याच्या नावावर आलेला तपासणीचा स्वच्छ निकाल इर्याचा नव्हता.

झालं होतं असं. वसंतात, रस्त्याकडेला बर्फाचे मळके ढीग अजून उरलेले असताना, दोघींच्या टपालपेट्यांत एकाच दिवशी एकसारखी पाकिटं आली. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी. दर पाच वर्षांनी बोलावणं यायचंच. यंदा जवळचा दवाखाना बंद झाल्यामुळे सोय घरपोच केली होती. पाकिटात एक लांब काडी, टोकाला कापूस. एक झाकणाची नळी, तिच्यावर जिचं तिचं नाव चिकटवलेलं. काडी आपल्या हाताने आत घालायची, फिरवायची, नळीत टाकून झाकण लावायचं आणि पोस्टात टाकायची. ज्या विषाणूमुळे तो कॅन्सर होतो तो असला तर प्रयोगशाळेत कळतो, मग पुढच्या तपासणीला बोलावतात. नसला तर पुढच्या बोलावण्यापर्यंत सुट्टी.

इर्याच्या घरी हे बोलावणं आजवर प्रत्येक वेळी चुलीत गेलं होतं. विशीत तिला मेलेलं मूल झालं. नंतर शहरातल्या एका डॉक्टरने तिला टेबलावर निजवून, चार-पाच शिकाऊ पोरं भोवती उभी करून तपासलं, आणि त्यातलं कुणीतरी हसलं. कशाला हसलं ते तिला कधीच कळलं नाही. तेव्हापासून कमरेखाली डॉक्टरचा हात लागू द्यायचा नाही, असं तिने ठरवलं आणि पाळलं. हे तिने एकदाच सांगितलं होतं, याच सॉनात, आणि वुओक्कोने ते पोटात ठेवलं होतं.

म्हणून ते पाकीट आल्यावर वुओक्को हात धुऊन तिच्या मागे लागली.

"यात डॉक्टर नाही, नर्स नाही, कुणी म्हणता कुणी नाही. तू आणि काडी. कान कोरतेस ना, तसं समज."

"कान कोरताना मला गाणं म्हणायची सवय आहे."

"मग म्हण की. तळ्यापलीकडे ऐकू जाईल असं म्हण. पण कर एकदाचं."

"आणि निघालं काही, म्हणजे?"

"निघालं तर वेळेत निघेल. सगळं दिसतं गं या तपासणीत. कॅन्सर व्हायच्या कितीतरी आधी दिसतं."

"तुला प्रयोगशाळेने कमिशन ठेवलंय का?"

"हो, दर बाईमागे एक कॉफी. मुकाट्याने कर आणि मला कॉफी मिळू दे."

बरेच दिवस असं चाललं. शेवटी एका शनिवारी, सॉना तापायच्या आधी, इर्या ते पाकीट घेऊन कपडे बदलायच्या खोलीत शिरली आणि तिने आतून कडी लावली. वुओक्को बाहेर पायरीवर बसली, शेजारी तिचा काळा कुत्रा मुस्ती. आतून काहीच आवाज येईना. गाणं तर नाहीच. पायरीचा गारठा हाडांपर्यंत गेला तेव्हा कुठे कडी निघाली. इर्या पांढरीफटक पडली होती. हातात बंद केलेलं पाकीट होतं.

"घे. टाक पोस्टात. आणि पुन्हा हा विषय काढलास तर तुझ्या कुत्र्याला विष घालीन."

वुओक्कोने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या गावात एवढंसुद्धा फार होतं. तिला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता, इर्याचा आणि थोडा स्वतःचा.

सोमवारी ती मुस्तीला गाडीत घालून चर्चच्या गावी गेली, तिथेच दुकान आणि पोस्टाची पेटी. आधी दुकान केलं. सॉसेजची पिशवी मागच्या सीटवर ठेवली, त्याच पिशवीत पाकीट होतं, आणि काड्यापेटी राहिली म्हणून ती पुन्हा आत गेली. आत मासळीवाली भेटली, आणि मासळीवालीचं बोलणं लवकर संपत नाही. बाहेर येऊन पाहते तो मुस्तीने सॉसेजं फस्त केली होती आणि तोंडाला चव राहिली म्हणून पाकिटाचाही समाचार घेतला होता. झाकणाचा चोथा झाला होता. काडीचं कापसाचं टोक दिसतच नव्हतं. नळी तेवढी सीटखाली घरंगळून शाबूत राहिली होती, वर इर्याचं नाव.

वुओक्को गाडीत बसून राहिली. मुस्ती शेपूट हलवत होता, त्याला रागवायचंही तिला सुचलं नाही. इर्याला काय सांगायचं? की तुझा नमुना कुत्र्याने खाल्ला, आता पुन्हा कर? या जन्मात इर्या ते पुन्हा करणार नव्हती. आणि इतकी वर्षं गावाचं टपाल नेणाऱ्या वुओक्कोला एक पाकीट पेटीपर्यंत नेता आलं नाही, हेही सांगावं लागलं असतं.

घरी तिचं स्वतःचं पाकीट कपाटात तसंच होतं. त्या संध्याकाळी तिने न्हाणीघराचं दार लावलं, स्वतःची काडी वापरली, ती इर्याच्या नावाच्या नळीत टाकली, स्वतःच्या नळीचं झाकण तिला लावलं आणि दुसऱ्या दिवशी पाठवून दिली. स्वतःसाठी ती नंतर गाडी काढून शहरात गेली आणि नर्सकडून रीतसर तपासून आली. तिला कसली आलीय भीती? निदान इर्याच्या मनाला तरी शांतता मिळेल, असं तिने स्वतःला समजावलं. इर्या म्हणजे दगड पचवणारी बाई, तिला काय धाड भरलीय? पुढच्या खेपेला नीट करून घेऊ. खरं सांगायचं तर त्यात इर्याची काळजी जेवढी होती, तेवढीच स्वतःची लाज झाकायची घाई होती.

निकाल स्वच्छ आला. येणारच होता, वुओक्कोची तब्येत ठणठणीत होती. इर्या सायकल मारत तो दाखवायला आली.

"स्वच्छ आलं," ती म्हणाली. सायकलवरून उतरलीसुद्धा नव्हती. "वुओक्को, खरंच स्वच्छ आलं."

"मग? मी काय सांगत होते?"

"हो, पण स्वच्छ."

तिचा आवाज जरा विचित्र होता. वुओक्कोला वाटलं, भीती उतरली की माणूस असं बोलतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिने मनात म्हटलं आणि वेलदोड्याचे गोड पाव भट्टीत घातले. दोघींनी भांडंभर कॉफी संपवली.

आता शरद लागला होता, आणि फडक्यावर डाग होता.

पुढच्या शनिवारी इर्या पांढरं फडकं घेऊन आली नाही. गडद तपकिरी टॉवेल आणला, पाय पुसण्याचा असतो तसा. गावातल्या प्रत्येक बाईचं सॉनात बसायचं फडकं पांढरं, काठाला पट्टी विणलेलं, बहुतेकींना लग्नात मिळालेलं. तपकिरी टॉवेल कुणी अंथरत नाही. वुओक्कोने तो पाहिला, आउनेआजीने पाहिला, आणि दोघी यंदा लाल बोरं किती कमी आली त्याबद्दल बोलल्या. त्याच्या पुढच्या शनिवारीही तोच टॉवेल होता. इर्या फळीवर चढताना आता कठड्याला धरत होती. पाठीला शेक बरा वाटतो म्हणून भिंतीला टेकून बसत होती. तिच्या पाठीचे मणके मोजता आले असते.

वुओक्कोला झोप लागेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं. टपालवाला दिसला की ती खिडकीतून बाजूला व्हायची. शेवटी एका सकाळी ती इर्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. इर्याचा नवरा ताउनो खिडकीशी कॉफी पीत होता.

"तुला बरं नाहीये," वुओक्को म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. किती बारीक झालीस."

"साठीत बारीक व्हायला नशीब लागतं. तू का जळतेस?"

"फडक्यावर मी पाहिलं, इर्या."

इर्याने कप खाली ठेवला. ताउनोने बाहेरच्या सरपणाकडे पाहिलं, तिथे काहीतरी तातडीचं काम असल्यासारखा उठला आणि निघून गेला.

"सॉनातलं स्वयंपाकघरात आणतेस?" इर्या म्हणाली.

"आणते."

"मूळव्याध आहे मला."

"तिथलं नव्हतं ते."

"अच्छा, कुठलं होतं तेही बघून ठेवलंस? नजर चांगली आहे हो या वयात."

"दाखव ना गं जाऊन. मी नेते. बाहेर बसून राहीन, आत येईन, तू म्हणशील ते."

"कशासाठी? माझा निकाल स्वच्छ आहे. या तपासणीत सगळं दिसतं, हे कोण म्हणालं होतं? पोस्टातली बाई?"

"निकाल काहीही असो, रक्त दिसलं तर दाखवा, असं निकालाच्याच कागदावर लिहिलंय."

"कागदावर लिहायला त्यांना पगार मिळतो. पाव घे. कालचा आहे, पण घे."

त्याच क्षणी वुओक्कोने सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण समोर इर्या त्या निकालाला अशी धरून बसली होती की तो काढून घेतला तर तिच्याकडे काहीच उरलं नसतं. आणि तो काढून घेतल्यावर इर्या आपल्याकडे कशी बघेल, हे वुओक्कोला बघवणार नव्हतं. तिने शिळा पाव खाल्ला आणि ती तोंडात मूग धरून उठली.

बाहेर ताउनो लाकडं फोडत होता.

"तिला डॉक्टरकडे पाठव," वुओक्को म्हणाली.

"ती म्हणते ठीक आहे."

"आणि तुला काय वाटतं?"

ताउनोने आणखी दोन ओंडके फोडले. मग कुऱ्हाड टेकवली.

"रात्री ती झोपत नाही," तो म्हणाला. "मी पण नाही. पण ठीक आहे म्हणालीय."

त्याने कुऱ्हाड पुन्हा उचलली. वुओक्कोला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं, पण आपण कुठल्या तोंडाने हलवणार?

त्या शनिवारी सॉनानंतर तिने आउनेआजीला गाडीतून घरी सोडलं. चार वाजताच अंधार पडायला लागला होता आणि तळ्याच्या काठाला बर्फाची पातळ साय धरली होती. घरासमोर गाडी थांबली तरी आजी उतरेना.

"माझ्या जावेचं असंच होतं," ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "आधी पांढरं फडकं. मग गडद. मग म्हणायला लागली, आज नको, डोकं दुखतंय. नाताळच्या आधी आम्ही तिला त्याच सॉनात नेली. उचलून. तेव्हा मेलेल्यांना तिथेच धुवायचे. मी पाणी कोमट केलं होतं. का केलं कुणास ठाऊक, तिला काय गार आणि काय गरम."

"तू तिला काही बोलली नव्हतीस?"

"सॉनातलं सॉनात."

"आजी."

"मूर्ख होते मी. तेवीस वर्षांची होते आणि मूर्ख होते. तू तर शहाणी आहेस म्हणतात गावात." तिने दार उघडलं आणि काठी बाहेर टेकली. "पुढच्या शनिवारी मी येत नाही. गुडघे दुखणार आहेत माझे."

पुढच्या शनिवारी आजी खरंच आली नाही, आणि सॉनात दोघीच होत्या. वुओक्कोने लाकूड जास्त घातलं, पाणी आणून ठेवलं, अंगावर मारून घ्यायची बर्चच्या फांद्यांची जुडी भिजवली. करण्यासारखं होतं ते सगळं करून झालं. इर्या तपकिरी टॉवेलवर भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. खालच्या ओठाला रंग नव्हता.

"इर्या," वुओक्को म्हणाली, "तो निकाल तुझा नव्हता."

इर्याने डोळे उघडले नाहीत.

मग वुओक्कोने सगळं सांगितलं. सॉसेज, मुस्ती, काडी, नळी, न्हाणीघर. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "तुझं कुणी काही पाहिलेलंच नाही गं. कुणीच नाही. जे स्वच्छ आहे ते माझं. मला काय म्हणायचं ते म्हण, कुत्र्याला विष घाल, मला घाल, पण डॉक्टरकडे चल."

मग इर्याचे खांदे हलायला लागले. वुओक्कोला वाटलं रडते आहे. ती हसत होती, आवाज न करता.

"म्हणजे ते तुझं होतं," ती म्हणाली.

"माझं."

"आणि मी इतके महिने विचार करतेय की हे आलं कुठून."

"काय कुठून?"

इर्याने आता तिच्याकडे पाहिलं. "वुओक्को, त्या काडीने मी काही केलंच नव्हतं. बाहेर काढली, हातात धरून बसले. तू बाहेर कुत्र्याशी बोलत होतीस, ऐकू येत होतं. नाही जमलं मला. तशीच कोरी नळीत टाकली, झाकण लावलं आणि तुला दिली."

वुओक्कोचं तोंड उघडं राहिलं. वाफ थेट घशात गेली.

"तू इतकी मागे लागली होतीस," इर्या म्हणाली. "आणि तेव्हा जातच होतं गं मला रक्त. ईस्टरपासून. थोडंसंच, पण जात होतं."

"मग मला सांगायचं ना!"

"तू सांगितलंस?"

इर्याने पाणी टाकायची पळी उचलली आणि तशीच खाली ठेवली, तिच्या हातात जोर नव्हता.

"पण स्वच्छ आलं तेव्हा?" वुओक्कोने विचारलं. "काडी कोरी होती हे तर तुला माहीत होतं."

"तेच सांगतेय. पाकिटातला तो सूचनांचा कागद मी दहा वेळा वाचला होता. काडीला काही लागलं नसेल तर ते ओळखतात. नमुना निकामी आहे म्हणून कळवतात आणि दवाखान्यात बोलावतात. त्याचीच वाट पाहत होते मी. आपल्या पायाने जायची हिंमत माझ्यात नाही, हे मला माहीतच आहे. पण मी ठरवलं होतं, त्यांनी बोलावलं तर जायचं. काही न बोलता जायचं. तू बरोबर आलीच असतीस." तिने टॉवेलची कड बोटांत धरली. "आणि आलं स्वच्छ. कोरी काडी, आणि स्वच्छ. हसू नकोस, पण मला वाटलं, सोडलं मला. वरून कुणीतरी म्हणालं, हिचं पुरे झालं, हिला सोडा. मी चर्चमध्ये जाऊन बसून आले, माहितीये? रविवार नसताना. एकटी."

वुओक्कोला हसू येण्याचा प्रश्नच नव्हता. कुत्र्याने चावलेली काडी तिने तशीच पाठवली असती, किंवा काहीच न पाठवता त्यांना फोन केला असता, तरी इर्या मे महिन्यातच डॉक्टरसमोर बसली असती. पोस्टाच्या पेटीपर्यंत नेऊन टाकायचं, एवढंच काम इर्याने तिला सांगितलं होतं. त्याच्या वर जे केलं ते वुओक्कोने आपल्या शहाणपणाने केलं होतं. ती फळीवर बसून हमसून रडली, शाळेत असतानाही कधी रडली नव्हती तशी. इर्या तिच्याकडे बघत राहिली. जवळ सरकली नाही, आणि लांबही गेली नाही.

"पुरे," थोड्या वेळाने इर्या म्हणाली. "सोमवारी फोन लाव. बोलते मी, पण लाव तू."

सोमवारी सकाळी वुओक्को इर्याच्या स्वयंपाकघरात होती. दवाखान्याच्या यंत्राने नंबर नोंदवून घेतला आणि आम्ही परत फोन करू म्हणून सांगितलं. ते परत फोन करतात, पण त्यांच्या सवडीने. तिथे दाढ ठणकत असली तरी तीन आठवडे थांबवतात, आणि ताउनोच्या गुडघ्याला तर सगळा उन्हाळा गेला होता. फोन आला तेव्हा ताउनोने दुसऱ्यांदा कॉफी चढवली होती. या वेळी तो सरपणाकडे गेला नाही. इर्याने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा करून टेबलावर ठेवला.

नर्सचा आवाज संथ होता. वय काय, पाळी कधी गेली, रक्त कधीपासून.

"ईस्टरपासून," इर्या म्हणाली.

ताउनोने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. त्याला हे माहीत नव्हतं.

"वजन कमी झालंय?"

"झालंय."

"पाठदुखी?"

"रात्री असते."

"ठीक आहे. अशा तक्रारीत निकाल काहीही असला तरी आम्ही तपासतोच," नर्स म्हणाली आणि तिच्या कळफलकाचा आवाज आला. "तुमचा मे महिन्याचा नमुना दिसतोय इथे. विषाणू सापडलेला नाही, म्हणजे त्या बाजूने काळजी कमी आहे. तर आपण असं करू, पुढच्या..."

इर्याने टेबलावरचा फोन एका बोटाने वुओक्कोकडे सरकवला.

"ते हिला विचारा," ती म्हणाली.

वुओक्कोने ओठ ओले केले. "मी शेजारीण बोलतेय. तो नमुना माझा होता. तिच्या नळीत मी माझा घालून पाठवला. तिची तपासणी झालेली नाही. कधीच झालेली नाही."

पलीकडचा कळफलक थांबला.

"कधीच म्हणजे?" नर्सने विचारलं.

"जन्मात नाही," इर्या म्हणाली.

यापुढे नर्सचा आवाज संथ राहिला नाही. लघवीला त्रास होतो का, पाय सुजतात का, घरातून शहरापर्यंत आणायला कुणी आहे का, असं तिने भराभर विचारलं. जरा थांबा म्हणाली. दुसऱ्या कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलली आणि परत आली.

"इर्या," ती म्हणाली, आता नावाने आणि फार मऊ आवाजात, "उद्या सकाळी आठ वाजता या. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, बायकांच्या विभागात. मी त्यांच्याशी बोलले आहे, ते वाट पाहतील. एकट्या येऊ नका."

"उद्या?"

"उद्या."

फोन बंद झाला. इर्या आधी ताउनोकडे आणि मग वुओक्कोकडे बघत राहिली.

"इतक्या लवकर वेळ देतात?" तिने विचारलं.

ताउनोने तोंड खिडकीकडे वळवलं. वुओक्कोला खोटं बोलायचं होतं. एक साधं, बरं वाटेल असं खोटं तिच्या जिभेवर तयारही होतं.

"नाही," ती म्हणाली. "एरवी देत नाहीत."